कमोदतळ्यातली होडी

१

संक्रांत चार दिवसांवर आली की खुर्शीदाबी मणेरीण डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन पिंपळगावहून देवथडीला यायची. ती वेशीत दिसली रे दिसली की बाया पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात धावायच्या. सन छत्तीसच्या जानेवारीत मात्र ती थेट पाटलांच्या दारापर्यंत चालत गेली, तरी एक बाई दिसेना. चुली धुमसत होत्या, एका ओसरीवर अर्धं निवडलेलं धान्य सुपात तसंच पडलं होतं, आणि कोंबड्या त्यावर खुशाल ताव मारत होत्या.

गाव सगळं तळ्यावर लोटलं होतं.

कमोदतळं हे काही बारमाही पाणी नव्हे. आषाढात भरायचं, थंडीत कमोदाच्या पानाफुलांनी झाकून जायचं, आणि चैत्रात आटलं की गावकरी त्याच्याच तळात टरबुजं लावायचे. पण दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे पाखरांची जत्रा भरे. चक्रवाक यायचे, थापटे यायचे, काळे चांदवे तर इतके की काठावरून पाणी कमी आणि चांदवे जास्त दिसायचे. ही पाखरं मारायला दर वर्षी नाशिकहून एक गोरे इंजिनियरसाहेब येत आणि गावचे सावळीराम पाटील त्यांचे यजमान होत. यंदा साहेब रविवारी यायचे होते. आज शुक्रवार. आणि शिकारीला लागणारी, तळ्यावरची एकुलती एक होडी काल सकाळपासून नाहीशी झाली होती.

खुर्शीदाबी पोहोचली तेव्हा पाटील सोमासमोर उभे होते. सोमा पाखरं धरणारा. तीन वर्षांपूर्वी बायकोला, भागीबाईला, घेऊन आला आणि तळ्याच्या काठावर झोपडी घालून राहिला.

"होडी काय पाखरू हाय का, उडून जायला?" पाटील म्हणत होते. "साहेबानं पाखरं मारली तर तुझ्या फाशात काय घावंल, ही तुझी पोटदुखी. उद्या दिवेलागणीपर्यंत होडी आण, नायतर झोपडी मोड अन् वाटेला लाग."

"म्या नाय घेतली, पाटील," सोमा एवढंच म्हणाला.

होडीची मालकीण बायडाबाई बाजूला गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिचा नवरा वाळू दम्याने खाटेला खिळल्यापासून तीच होडी चालवी, मासे धरी, शिंगाडे काढी, पलीकडच्या मळ्यांत माणसं पोचवी.

खुर्शीदाबीने पेटी खाली ठेवली. "पाटील, उद्याची दिवेलागण म्हणालात ना? मग तोवर सोमाला कुणी हात लावू नका. मला बघू द्या."

दुसऱ्या कुणाला पाटलांनी उभं केलं नसतं. पण तीन वर्षांपूर्वी पाटलीणबाईंची हरवलेली नथ खुर्शीदाबीने जागेवर बसून शोधून दिली होती, आणि तेव्हापासून आसपासच्या पाच गावांत काही हरवलं की लोक तिची वाट बघत.

"बघ बाई," पाटील म्हणाले. "पण काठ, लव्हाळं, पल्याडचा मळा, समदं पालथं घातलंय. चिखलात होडी वढल्याची खूण नाय. पाटाचं दार बंद. म्हंजी होडी भायेर गेली नाय, अन् आत दिसत नाय."

होडी ज्या बाभळीला बांधलेली असे तिथे खुर्शीदाबी गेली. दोर बुंध्याशीच होता. तो कापलेला नव्हता. गाठ सोडून, गोल वेटोळं करून, वर खोचून ठेवला होता.

ती त्या वेटोळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. चोराला घाई असते. दोर गुंडाळून ठेवणारा चोर तिने पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

२

बांगड्या भरताना बाईचा हात बराच वेळ मणेरणीच्या हातात असतो. मन मोकळं असेल तर हात लोण्यासारखा मऊ होतो आणि बांगडी आपसूक सरकते. पोटात काही दडवलेलं असेल तर अंगठ्याचा सांधा ताठतो. खुर्शीदाबीचं सगळं शास्त्र ते एवढंच.

ती आधी सोमाच्या झोपडीत गेली. भागीबाई गाडगी-मडकी एका फडक्यात बांधत होती.

"हात दे," खुर्शीदाबी म्हणाली.

"चाची, उद्या घर मोडायचं अन् आज बांगड्या?"

"घर मोडणार म्हणून हात मोकळे ठेवायचे असं कुठं लिहिलंय? दे."

पहिली हिरवी बांगडी चढली. दुसरी चढता चढता खुर्शीदाबीने विचारलं, "साहेब आला की तुमचं लय नुकसान होतं म्हणे."

भागीबाईला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "नुकसान कशाचं? सायबाच्या बंदुकीनं धा पाखरं मरत्यात अन् ईस जखमी व्हऊन लव्हाळ्यात पडत्यात. कुणी येचायला जात नाय. पुढं आठ दिस आमीच येचतो. साहेब आला की आमच्याकडं दिवाळी असती. पाटलाला कोन सांगनार?"

सहाच्या सहा बांगड्या सरकल्या, एकीला ओरखडा नाही. हा हात खोटा नव्हता. साहेब न येण्यात तोटा झालाच तर सोमाचाच होता.

"मग साहेब नको असलेलं गावात कोण आहे?"

भागीबाईने शाळेच्या दिशेला हनुवटी उडवली. "मास्तर. त्यानं तर सायबाच्या इरोधात अर्ज लिवलाय. वर धाडलाय."

३

रंगनाथ मास्तर मूळचे नाशिकचे, सडसडीत, चष्म्याच्या काचा सदा धुळकट. शाळेच्या पडवीतून तळं समोर दिसे, आणि मुलं पाढे म्हणत असताना मास्तर वहीत पाखरं टिपत असत.

"अर्ज मीच लिहिला. लपवत नाही," ते म्हणाले. "होडी गेल्याचं कळलं त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो, तेही लपवत नाही. पण पाणी गुडघ्याला लागलं की मला घेरी येते, खुर्शीदाबी. चौथीतली मुलं हसतात मला."

मुलं खरोखरच हसली. खुर्शीदाबीही हसली आणि पडवीच्या कडेला टेकली. मास्तरांच्या पायांतले जोडे कोरडे ठणठणीत होते आणि तळहातांना शाईखेरीज काही लागलेलं नव्हतं.

"आता तुम्ही आलाच आहात तर माझं एक कोडं सोडवा," मास्तर वही उघडत म्हणाले. "ऐका. गुरुवार, नऊ जानेवारी. सकाळी राखी बगळा तळ्याच्या मध्यावर उभा. शुक्रवार, दहा. तोच बगळा, तिथेच. चार वर्षं मी हे तळं बघतोय, पण त्या जागी बगळा उभा राहिलेला कधी पाहिला नाही."

"का नाही?"

"खोल आहे ना. बायडाबाई म्हणते पाणी कमरेच्या वर. खाली इतका गाळ की माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून तर मध्यात कुणी उतरत नाही."

"आणि बगळ्याचे पाय केवढे असतात, मास्तर?"

"दीड वीत. फार तर दोन."

खुर्शीदाबीने कपाळावर हात आडवा धरून तळ्याकडे पाहिलं. मधोमध, कमोदाच्या पानांच्या गर्दीत, बगळा उभा होता. पाणी त्याच्या नडग्यांना लागत होतं. तो हलत नव्हता, पंख सावरत नव्हता. उंबऱ्यावर उभं राहून रस्ता बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा निवांत होता.

"कमरेभर पाणी आणि दीड वितीचे पाय," ती हळूच म्हणाली. "मास्तर, तो तळावर उभा नाही. कशाच्या तरी काठावर उभा आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"होडी चोरीला गेलीच नाही," खुर्शीदाबी म्हणाली. "ती बुडवलीय. उद्यापर्यंत तोंडाला कुलूप ठेवा. कुणी बुडवली ते अजून कळायचंय, आणि ते कळल्याशिवाय होडी वर काढली तर सोमाच्याच माथी जाईल."

४

दर वर्षीप्रमाणे ती पाटलांच्या ओसरीवर मुक्कामाला राहिली. शनिवारी सकाळी कुसाबाई पाटलीण पाटावर हात पुढे करून बसल्या. मऊ, गोरा, भरलेला हात. बांगड्या भरायला सोपा.

खुर्शीदाबी बोटं दाबत मनाशी मांडत होती. होडी मध्यावर न्यायची म्हणजे चालवता यायला हवी. मध्यावर बुडवून परत यायचं म्हणजे कमोदाच्या देठांच्या जंजाळातून पोहता यायला हवं. आणि दोर गुंडाळून ठेवायची सवय हवी.

"उद्या साहेबाला जेवायला काय?" तिने सहज विचारलं.

"बदकं. दुसरं काय असतंय."

"मास्तरांच्या अर्जानं काही होईलसं वाटलं होतं मला."

कट्कन आवाज झाला. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, म्हणून दोघी एकदम "वाढली, वाढली" म्हणाल्या. मग कुसाबाईंनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"तुझ्यापास्नं काय लपायचं? कागद माझा, शाई माझी. शबूद बी निम्मे माझे हायेत. संक्रांतीच्या तोंडावर घरात पिसं उडवायची अन् त्याच हातानं बायास्नी हळदीकुंकू लावायचं, मला नाय पटत. आठ वर्सं हेच सांगत आले, पन हे ऐकत नाय. पन होडीचं मला काय बी ठावं नाय. मी आडावर पानी शेंदताना बी खांब धरून उभी ऱ्हाते."

हात पुन्हा मऊ झाला होता. खुर्शीदाबीला हसू आवरेना. नवरा शिकारीचा यजमान आणि बायको अर्जाची लेखनिक.

"तुमच्याशिवाय आणखी कुणी सांगितलं होतं का पाटलांना, साहेब नको म्हणून?"

"नको असं नाय. पन बायडी आली व्हती सोमवारी. म्हनली, औंदा मला होडी चालवायला लावू नगा, दुसरा कुनी बघा. हे हसले. म्हनले, होडी तुझी, तळ्यात मासे धरायला मुभा माझी, मग चालवनार कोन?"

खुर्शीदाबी काचा वेचत होती. तिचा हात थांबला.

"बायडाबाई म्हणाली असं?"

५

बायडाबाईच्या घरी वाळू खाटेवर उशीला टेकून बसला होता. छपराखाली, भिंतीला लावून, होडी रेटायचा लांब वेळू उभा होता.

"हात दे, बायडा. वर्षाचा सण आहे."

बायडाबाई नको म्हणाली. मग दिला. वेळू रेटून, जाळी ओढून राठ झालेला हात, मनगटात पितळी गोठ. खुर्शीदाबीने तो धुवायला घेतला. गोठाच्या आतल्या बाजूला काळाभोर गाळ वाळून बसला होता. तळ्याच्या काठचा चिखल पिवळट. काळा गाळ फक्त मधल्या खोल पाण्यात.

"होडी शेवटची कधी चालवलीस?"

"सोमवारी सकाळी. मग ह्यांचा दमा उठला. तवापास्नं पान्यात पाय नाय घातला."

"आणि वेळू?"

"वेळू घरातच व्हता. रोजच घरी आनते मी. कडी लावून..."

बांगडी वाढली. खुर्शीदाबीने दुसरी घेतली नाही. हात तसाच हातात धरून ठेवला.

"होडी नेणारा वेळू नेतो, बायडा. वेळूवाचून होडी मध्यावर जाईल कशी? आणि गेली असेल तर त्या माणसानं वेळू परत आणून कडीच्या आत, त्याच्या जागेवर ठेवला. दोर सोडला तर वेटोळं करून खोचला. परक्याच्या वस्तूची एवढी निगा कुणी राखत नाही. आपल्याच वस्तूची राखतं."

बायडाबाईने हात सोडवून घेतला नाही.

"मध्यावर हाय हे तुमाला कुनी सांगितलं?" तिने शेवटी विचारलं.

"बगळ्यानं."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. यंदा परतीचा पाऊस लांबला, तळं उशिरापर्यंत तुडुंब राहिलं, आणि हळदीकुंकू बदकाच्या एका मादीने फार उशिरा लव्हाळ्यात अंडी घातली. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके असलेलं हे बदक. नऊ पिल्लं निघाली. बायडाबाई जाळी टाकायला जाताना मूठभर कोंडा टाकी. आठ-पंधरा दिवसांत मादीची भीड चेपली.

"आता होडीचा आवाज आला की ती पळत नाय," बायडाबाई म्हणाली. "उलट येती. पोरास्नी रांगेनं मागं घिऊन होडीकडं येती. पोरास्नी अजून उडता येत नाय. अन् रविवारी माझ्या होडीत कोन बसनार? बंदूकवाला. मी नेनार, मपल्याच हातानं, अन् ती बाई मला बघून पोरं घिऊन सामनं येनार. पाटलाला म्हनलं, दुसरा बघा. ते हसले. नाय म्हनायची आपली काय टाप? तळं त्यांच्या शब्दावर चालतंय. म्हनून बुधवारी राती, गाव जेवायला बसलं तवा, होडी मधी नेली, दगडं भरली व्हती, बुडाचा बोळा काढला. वेळू धरून पोहत आले. मला वाटलं, म्हनतील, सुटली अन् वाहून गेली. दोर तसाच टाकला असता तर म्हनले बी असते. हातानं आपसूक गुंडाळला."

"आणि सोमा?"

"सोमाचं नाव येईल असं सपनात बी नव्हतं. दोन दिस घास उतरला नाय."

"मग आता सांगायचं तूच. मी सांगितलं तर तो गुन्हा होईल. तू सांगितलंस तर ते गाऱ्हाणं होईल."

"अन् पाटील मासे बंद करतील. मग ह्यांचं औषध, आमचं पोट?"

खाटेवरून वाळू दम खात म्हणाला, "जा, बायडे. मी बी सकाळपास्नं तेच म्हनतोय. दुसऱ्याचं घर मोडून खाल्लेला मासा गळ्याखाली नाय उतरनार."

६

चावडीवर दुपारीच माणसं जमली. सोमा आणि भागीबाई गाठोडं घेऊन एका बाजूला उभे. बायडाबाई सगळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि पदर घट्ट खोचून बोलली. होडी कुठे आहे, कुणी बुडवली, कशासाठी. एकदाही रडली नाही. शेवटी म्हणाली, "शिक्षा मला द्या. सोमाचा ह्याच्यात काडीचा संबंध नाय."

खुर्शीदाबीने पेटीच्या झाकणावर हात ठेवले आणि वाट पाहिली. इथे बोलून उपयोग नव्हता. माणसाला आपलं आपण वळायला थोडी जागा लागते.

"किती पिल्लं म्हनलीस?" पाटलांनी विचारलं.

"नऊ."

"अन् होडीकडं येती? आपनहून?"

"आपनहून."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुसाबाई पुढे आल्या. आठ वर्षांत त्या चावडीवर पहिल्यांदा बोलत होत्या.

"नावातच हळदीकुंकू असलेली लेकुरवाळी, सनाच्या तोंडावर माझ्या चुलीवर येनार असंल तर उद्या सैपाक तुमी करा. अन् आनखी एक. तो अर्ज मास्तरचा एकट्याचा नाय, माझा बी हाय."

कुणीतरी मागे खुसकन हसलं. पाटलांनी बायकोकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आकाशात काहीतरी शोधू लागले. पाटलांचे खांदे आधी थरथरले आणि मग ते स्वतःच हसत सुटले.

"घरातच एवढं कारस्थान," ते डोळे पुसत म्हणाले. मग गंभीर होऊन सोमाकडे वळले. "सोमा, चावडीवर नाय, पन चार मानसांत तुला बोललो. चार मानसांतच मागं घेतो. माझी चूक झाली. झोपडी तिथंच ऱ्हाईल. अन् बायडे, तुझं गाऱ्हानं मी हसण्यावारी नेलं, ती दुसरी चूक. मासे तुझे तूच धर."

भागीबाईने गाठोडं खाली ठेवलं आणि तिथेच सोडायला घेतलं.

राहिला साहेब. त्याला काय सांगायचं यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं, तळ्याला साथ आली म्हणा. कुणी म्हणालं, वाघ आला म्हणा. पाटील म्हणाले, "सायबाला मी खोटं लिवनार नाय. मास्तर, दौत आना."

पत्र लहान झालं. देवथडीच्या तळ्यातली एकुलती होडी बुडाली आहे. मध्यभागी पाणी कमरेच्या वर असून गाळ मांडीभर आहे. तरी साहेबांनी या खेपेस दुसरीकडे सोय पाहावी, ही विनंती. मास्तरांनी एवढं सुंदर अक्षर आयुष्यात काढलं नव्हतं.

"यात खोटं काय हाय?" पाटलांनी सगळ्यांना विचारलं. कुणालाच काही सापडलं नाही. गडी घोड्यावर बसून पत्र घेऊन गेला, आणि तो परत येईपर्यंत होडीला हात लावायचा नाही, नाहीतर पत्र खोटं ठरेल, असं कुसाबाईंनी बजावलं.

रविवारी सकाळी गडी परतला. साहेबांनी आभार मानून बेत बदलला होता. मग सोमा कमरेला दोर बांधून मध्यात शिरला. बगळा नाराजीने उडाला आणि चार हातांवर जाऊन बसला. दगड काढले, दोर बांधला, आणि अर्ध्या गावाने तो काठावरून ओढला. होडी वर आली तेव्हा आत माशांची नुसती खळबळ चालली होती. चार दिवस आडोसा मिळाला म्हणून तळ्यातल्या मरळींनी तिच्यात बिऱ्हाडं केली होती. चौदा मोजल्या. बायडाबाईने पहिली सोमाच्या हातात दिली, मग घरटी वाटत गेली, आणि सगळ्यांत मोठी कमोदाच्या पानात गुंडाळून खुर्शीदाबीच्या पेटीवर ठेवली.

लव्हाळ्याच्या कडेला हळदीकुंकू दिसली. मागे रांग. मास्तर मोठ्याने मोजू लागले आणि सगळी शाळा त्यांच्या सुरात सूर मिसळून मोजू लागली.

खुर्शीदाबी पिंपळगावच्या वाटेला लागली. मरळ मोठी जिवट. अर्धी वाट सरली तरी डोक्यावर ती पानातल्या पानात शेपूट आपटत होती, आणि रस्त्याने भेटेल तो विचारत होता, खुर्शीदाबी, आज बांगड्या एवढ्या का वाजतायत?